वेस्टर्नमध्ये एक्स्ट्रा बँड येतायत? अँटीबॉडी बदलायच्या आधी हे बघा

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे सॅम्पलमधली प्रोटीनं जेलवर वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवायची आणि हवं ते प्रोटीन अँटीबॉडीने शोधायचं, ते जिथे सापडतं तिथे बँड, म्हणजे पट्टा, दिसतो. प्रोटीन ४८ किलोडाल्टनचं (हे प्रोटीनच्या वजनाचं एकक), ब्लॉटवर ४८ च्या आसपास बँड आलाय, पण त्याला चिकटून वर एक जाडजूड पट्टा, २५ ला अजून एक, ७५ ला बारीक रेघ, आणि एक्स्पोजर जरा वाढवलं की लेनभर शिडी. दर थोड्या दिवसांनी कोणीतरी हाच फोटो मोबाइलवर दाखवतं आणि प्रश्नही तोच असतो, "ताई, अँटीबॉडी खराब आहे का?" असेलही, पण नुसत्या फोटोवरून ते सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा अँटीबॉडीचा काही दोष नसतो.

मग होतं काय, की घाबरून सगळं एकदम बदललं जातं. ब्लॉकिंगचं (मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकायचं) दूध काढून बीएसए (गायीचा अल्ब्युमिन), वॉशमधलं ट्वीन डिटर्जंट ०.१ टक्क्याचं ०.३, वॉश दुप्पट, प्रायमरी (प्रोटीन ओळखणारी पहिली अँटीबॉडी) रात्रभर ऐवजी दोन तास आणि वर लायसेट (सेल फोडून काढलेलं सॅम्पल) पण नवीन. पुढचा ब्लॉट चांगला आला तर नेमकं कशाने आला ते कळत नाही आणि वाईट आला तर आपण होतो तिथेच, फक्त सॅम्पल तेवढं संपलेलं. आपल्याकडे तर नवीन प्रायमरी मागवायची म्हणजे कोटेशन, इंडेंट, परचेस, मग बाहेरून माल येणार, त्यात दोन-तीन महिने सहज जातात. त्यामुळे बँड घालवायच्या मागे लागायच्या आधी तो आहे कोणाचा ते ठरवा. एक्स्ट्रा बँड सेकंडरीमुळे (प्रायमरीला चिकटून सिग्नल देणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीमुळे) येतो, प्रायमरीमुळे येतो, नाहीतर सॅम्पलमध्ये खरंच असतो. तिन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की नुसता वेळ जातो.

सेकंडरी-ओन्ली पट्टी, जी कोणीच लावत नाही

एक जेल घ्या, त्यात एकच सॅम्पल सगळ्या वेलमध्ये सारखं घाला (किंवा सलग एकच मोठी वेल असलेला कोम्ब असेल तर फारच छान), ट्रान्सफर करा आणि मेम्ब्रेन उभ्या पट्ट्यांमध्ये कापा. कापायच्या आधी पेन्सिलने नंबर घाला, बॉलपेनने नको, शाई मेथॅनॉलमध्ये पसरते. एका पट्टीला नेहमीसारखं प्रायमरी आणि सेकंडरी. दुसरीला प्रायमरी न घालता नुसता ब्लॉकिंग बफर आणि मग सेकंडरी. तिसरीला प्रायमरी ज्या प्राण्यातली आहे त्याच प्राण्याची साधी आयजीजी (रक्तातली नेहमीची अँटीबॉडी, कुठल्या एका प्रोटीनसाठी न बनवलेली), तेवढ्याच कॉन्सन्ट्रेशनला. सगळ्यांना वॉश सारखे, ईसीएल (प्रकाश देणारं सबस्ट्रेट) सारखं, एक्स्पोजर सारखं. एक्स्पोजर सारखं हे मुद्दाम परत सांगते कारण कंट्रोल पट्टी दहा सेकंद आणि खरी पट्टी पाच मिनिटं असे ब्लॉट मी पाहिलेत.

आता दुसऱ्या पट्टीवर जे बँड दिसतात ते सेकंडरीचे. प्रायमरीशी त्यांचा संबंधच नाही, त्यामुळे प्रायमरी कितीही डायल्यूट केली तरी ते जाणार नाहीत.

ह्यातला सगळ्यात कॉमन प्रकार म्हणजे उंदराच्या टिश्यूवर माऊस मोनोक्लोनल (उंदरापासून बनवलेली, एकाच प्रकारची अँटीबॉडी). टिश्यूमध्ये रक्त असतं, रक्तात उंदराची स्वतःची आयजीजी असते आणि अँटी-माऊस सेकंडरीला तुमची प्रायमरी आणि उंदराची आयजीजी ह्यात फरक कसा कळणार. रिड्यूसिंग जेलवर (जिथे डायसल्फाइड बंध तोडलेले असतात) आयजीजी तुटते आणि हेवी चेन ५० च्या आसपास, लाइट चेन २५ च्या आसपास दिसते. म्हणजे ५० आणि २५ अशी जोडी दिसली, टिश्यू उंदराची आहे आणि सेकंडरी अँटी-माऊस आहे, तर अजून फार डोकं चालवायची गरज नाही. प्लीहा, यकृत, फुप्फुस अशा रक्ताने भरलेल्या अवयवांमध्ये हे ठसठशीत दिसतं, कल्चरमधल्या सेल लाइनवर तीच अँटीबॉडी एकदम स्वच्छ चालते, आणि मग लोकांना वाटतं की टिश्यूमध्ये प्रोटीनचा नवीन आयसोफॉर्म (त्याच प्रोटीनचं वेगळं रूप) सापडला! तुमचं प्रोटीन ४८ चं असेल तर दुखणं अजून मोठं, कारण हेवी चेन बरोबर त्याच्या डोक्यावर बसते.

उपाय: जमलं तर सशातली प्रायमरी घ्या. ते शक्य नसेल तर प्रायमरीलाच एचआरपी (ईसीएलला चमकवणारं एन्झाइम) जोडलेली मिळते का बघा, म्हणजे सेकंडरी लागतच नाही. प्राणी तुमच्याच हातात असतील तर टिश्यू काढायच्या आधी पीबीएस ह्या खारट बफरने परफ्यूज करा (तो रक्तवाहिन्यांतून सोडा), रक्त बरंचसं निघून जातं, पूर्ण जात नाही पण फरक पडतो. लाइट चेनलाच चिकटणारी सेकंडरी पण मिळते, ती घेतली की ५० चा बँड गायब होतो आणि २५ चा राहतो, जो तुमच्या प्रोटीनपासून लांब असेल तर काही बिघडत नाही.

आयपीनंतरच्या (अँटीबॉडी लावलेल्या बीड्सवर प्रोटीन पकडून बाहेर काढल्यानंतरच्या) वेस्टर्नमध्ये पण हाच खेळ असतो, फक्त तिथे आयजीजी तुम्ही स्वतःच बीड्सवर घातलेली असते. तिथे आयपी एका प्राण्यातल्या अँटीबॉडीने आणि ब्लॉट दुसऱ्या प्राण्यातल्या अँटीबॉडीने करणं हा सगळ्यात सरळ मार्ग, किंवा वरचीच लाइट चेनवाली सेकंडरी. बीड्सना अँटीबॉडी क्रॉसलिंक केली तर ती कमी सुटते पण उकळल्यावर थोडी येतेच.

अजून एक जागा जिथे सेकंडरी फसवते: बकरीतली प्रायमरी, अँटी-गोट सेकंडरी आणि ब्लॉकिंगला दूध. दुधात गायीची आयजीजी असते, गाय आणि बकरी जवळच्या नात्यातल्या, सेकंडरी त्या दुधालाच चिकटते आणि अख्खं मेम्ब्रेन काळं. तेच फीटल बोव्हाइन सिरममध्ये वाढवलेल्या सेल नीट न धुता लाइज केल्या तर, ६६ चा अल्ब्युमिन सॅम्पलमध्ये भरपूर आणि थोडी गायीची आयजीजी पण. सेल थंड पीबीएसने दोनदा तरी धुवा, मीडियम पूर्ण शोषून घ्या, प्लेट तिरकी करून. हे करायला दोन मिनिटं लागतात पण घाईत हेच राहतं.

स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी (बायोटिनला चिकटणारं) वापरत असाल तर ७५ आणि १३० ला बँड येणारच असं समजा, कारण सेलमध्ये नैसर्गिकरीत्याच बायोटिन लागलेली कार्बोक्झिलेज एन्झाइम असतात. पायरुवेट कार्बोक्झिलेज १३० च्या आसपास, प्रोपिओनिल आणि मिथाइलक्रोटोनिल कार्बोक्झिलेजच्या अल्फा सबयुनिट ७५ च्या आसपास आणि ॲसिटाइल-कोए कार्बोक्झिलेज तर २६५ ला. हे तुमचं प्रोटीन नाही आणि बॅकग्राउंड पण नाही, ती खरी प्रोटीनं आहेत, फक्त तुम्हाला नको असलेली. ॲव्हिडिनने आधी ब्लॉक करता येतं, नाहीतर साधी एचआरपी सेकंडरी घ्या आणि विषय संपवा.

सेकंडरी स्वच्छ निघाली, मग प्रायमरी

दुसरी पट्टी कोरी असेल तर सेकंडरी सुटली. तिसऱ्या पट्टीवर, म्हणजे साध्या आयजीजीवाल्या, तेच बँड दिसले तर अँटीबॉडीच्या नेमक्या ओळखीमुळे नाही तर कुठलीही आयजीजी तिथे चिकटतेय म्हणून ते येतायत. असं असेल तर ब्लॉकिंग आणि वॉश वाढवण्यात अर्थ आहे. तिथेही कोरं असेल आणि फक्त पहिल्या पट्टीवर एक्स्ट्रा बँड असतील तर प्रश्न प्रायमरीचा किंवा सॅम्पलचा.

इथे सगळ्यात आधी डायल्यूशन बघा. सीनियरच्या वहीत १:५०० लिहिलंय म्हणून पिढ्यान्‌पिढ्या १:५०० चालू असतं, ती वही लिहिली तेव्हा ईसीएल साधं होतं आणि आता आपण फेम्टोग्रॅमवालं सबस्ट्रेट वापरतोय, त्यामुळे आधी न दिसणारा सगळा कचरा दिसतो. त्याच पट्ट्यांवर १:५००, १:१०००, १:२०००, १:५०००, १:१०००० लावून बघा. खरा बँड आणि एक्स्ट्रा बँड एकाच वेगाने फिके होत नाहीत, बहुतेक वेळा कमकुवत चिकटणारे एक्स्ट्रा आधी गळतात. दोन्ही अगदी बरोबरीने फिके होत असतील तर डायल्यूशनने प्रश्न सुटणार नाही, पुढे जा. सेकंडरीचं पण असंच, १:२००० वर अडकून राहू नका, चांगल्या सबस्ट्रेटला १:१०००० किंवा १:२०००० सुद्धा पुरते. एचआरपी फार झाली तर सबस्ट्रेट क्षणात संपून जाडा बँड मधून पांढरा पडतो, त्याला घोस्ट बँड म्हणतात, आणि तेव्हा मेम्ब्रेनवर नुसत्या डोळ्यांनी पण तपकिरी रेघ दिसते.

लोडिंग पण बघा. २० ते ३० मायक्रोग्रॅम होल लायसेट बहुतेक प्रोटीनना पुरतं. सिग्नल कमी म्हणून ८० घातलं की कमी प्रमाणातलं प्रोटीन थोडं वर येतं आणि नको ती चाळीस प्रोटीनं पण. त्यापेक्षा न्यूक्लियर प्रोटीन असेल तर न्यूक्लियर फ्रॅक्शन काढा, मेम्ब्रेनचं असेल तर मेम्ब्रेन फ्रॅक्शन.

दूध की बीएसए ह्यावर लॅबमध्ये भांडणं होतात. फॉस्फो-अँटीबॉडीला बीएसए सुचवतात कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, ठीक आहे, पण म्हणून बीएसए नेहमी जास्त चांगलं असं नाही. पॉलिक्लोनलला (अनेक अँटीबॉडींच्या मिश्रणाला) बीएसएमध्ये पुष्कळदा जास्त बँड येतात, कारण दूध जास्त कडक ब्लॉक करतं. डेटाशीटवर काय लिहिलंय ते आधी करून बघा आणि मग पाहिजे तर उलटं. आणि प्रायमरी परत परत वापरायला त्यात सोडियम ॲझाइड घातलं असेल तर वॉश नीट करा, ॲझाइड एचआरपीला मारतं. त्याने एक्स्ट्रा बँड येत नाहीत, उलट सिग्नलच जातो, मग लोक प्रायमरी वाढवतात आणि तिथून एक्स्ट्रा बँड सुरू होतात.

आता ब्लॉकिंग पेप्टाइडबद्दल, कारण रिव्ह्यूअर पण हे मागतात आणि आपण पण आनंदाने देतो. ज्या पेप्टाइडने अँटीबॉडी बनवली ते पेप्टाइड घालून बँड गेला म्हणजे बँड खरा, असं नाही. एकाच किल्लीने दोन कुलपं उघडत असतील तर किल्लीच्या दातात मेण भरल्यावर दोन्ही उघडायची बंद होतात, त्यावरून आपलं कुलूप कुठलं ते कळत नाही. चुकीचं प्रोटीन पण अँटीबॉडीच्या त्याच जागेवर बसत असेल तर पेप्टाइडने तो बँड पण जाणार. पेप्टाइडने न गेलेला बँड मात्र नक्की त्या जागेतून आलेला नाही, तेवढी माहिती मिळते.

खरी कसोटी म्हणजे प्रोटीनच नसलेलं सॅम्पल. क्रिस्परने केलेला नॉकआऊट (जीनच बंद केलेली सेल) असेल तर सोन्याहून पिवळं. वाइल्डटाइप आणि नॉकआऊट शेजारी शेजारी, त्याच जेलवर, आणि नॉकआऊटमध्ये जे बँड शिल्लक राहिले ते तुमचे नाहीत. नॉकआऊट नसेल तर एसआयआरएनए (प्रोटीन बनणं कमी करणारा छोटा आरएनए, ह्यालाच नॉकडाउन म्हणतात), पण एक नाही, दोन वेगवेगळ्या सिक्वेन्सचे, कारण एकाचा ऑफ-टार्गेट परिणाम असू शकतो. ४८ ते ७२ तास थांबा, प्रोटीनचं आयुष्य लांब असेल तर त्याहून जास्त. खरे बँड दोन्ही एसआयआरएनएने कमी होतात, परके बँड तसेच राहतात. आणि हो, एक्स्ट्रा बँड पण तेवढाच कमी झाला तर तो परका नाहीच, तुमच्याच प्रोटीनचं दुसरं रूप आहे, मग त्याच्याकडे कचरा म्हणून बघणं सोडा.

नॉकडाउन जमत नसेल तर ज्या टिश्यूमध्ये किंवा सेल लाइनमध्ये जीनच व्यक्त होत नाही अशी एक निवडा, आरएनएचा डेटा ह्यूमन प्रोटीन ॲटलाससारख्या ठिकाणी फुकट आहे. जास्त असलेली, मध्यम असलेली आणि जवळजवळ नसलेली अशा तीन-चार सेल लाइन एकाच ब्लॉटवर लावा. बँडची चढउतार आरएनएशी ढोबळमानाने जुळायला हवी. ओव्हरएक्स्प्रेशन हा कमजोर पुरावा आहे. प्लास्मिड घालून मोठा बँड आला ह्याचा अर्थ अँटीबॉडी त्या प्रोटीनला ओळखू शकते एवढाच, फक्त त्यालाच ओळखते असा नाही. शिवाय टॅगचं वजन विसरू नका, जीएफपी लावलं तर २७ किलोडाल्टन वाढतात.

हे सगळं एवढं ताणून सांगतेय कारण उलट बाजू जास्त धोक्याची आहे. एक्स्ट्रा बँड निदान डोळ्यात खुपतो. योग्य वजनाला आलेला एकुलता एक सुंदर बँड चुकीच्या प्रोटीनचा असेल तर तो कोणालाच खुपत नाही. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाचं उदाहरण बघा. वर्षानुवर्षं लोकांनी त्याच्यावर पेपर काढले, आणि २०१७ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या तपासणीत १३ अँटीबॉडी नीट पारखल्या तेव्हा त्यातली एकच खरोखर विशिष्ट निघाली. त्यानंतर २०२३ मध्ये ईलाइफमध्ये मॉन्ट्रियलच्या गटाने नॉकआऊट सेल वापरून ६५ प्रोटीनसाठीच्या ६१४ बाजारातल्या अँटीबॉडी तपासल्या, तिथेही बऱ्याच नापास झाल्या आणि रिकॉम्बिनंट (ठरलेल्या जीनवरून बनवलेल्या) अँटीबॉडी सरासरीने पॉलिक्लोनल आणि जुन्या मोनोक्लोनलपेक्षा सरस ठरल्या. त्यामुळे नवीन विकत घेताना पर्याय असेल तर रिकॉम्बिनंट घ्या आणि डेटाशीटवर नॉकआऊट ब्लॉट आहे का ते आधी बघा. "मोनोक्लोनल आहे म्हणजे एकच बँड" हे डोक्यातून काढून टाका, मोनोक्लोनल एका एपिटोपला (प्रोटीनवरच्या छोट्या जागेला) चिकटते, तो एपिटोप किती प्रोटीनवर असावा ह्यावर तिचा काही कंट्रोल नाही.

बँड सॅम्पलमध्येच असेल तर

नॉकडाउनने एक्स्ट्रा बँड पण कमी झाला, म्हणजे तो तुमच्या प्रोटीनचाच. आता तो मुख्य बँडच्या वर आहे का खाली ते बघा.

खाली असेल तर पहिला संशय डिग्रेडेशनचा. पीएमएसएफ (प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन कापणारी एन्झाइम, अडवणारं रसायन) घातलं होतं असं सगळे सांगतात, पण कधी घातलं होतं? पाण्यातल्या बफरमध्ये पीएच ८ आणि २५ डिग्रीला पीएमएसएफचं अर्धं आयुष्य साधारण ३५ मिनिटं आहे, ७.५ ला ५५ मिनिटं. सोमवारी बफर बनवून त्यात पीएमएसएफ टाकून गुरुवारी वापरलं तर तुम्ही नुसता बफरच वापरला. ते ऐन वेळी घाला, आणि ते फक्त सेरीन प्रोटिएज (आणि थोडीफार काही सिस्टीन प्रोटिएज) अडवतं, मेटॅलोप्रोटिएजसाठी ईडीटीए लागतं, म्हणून कॉकटेल वापरायचं.

डिग्रेडेशन आहे की नाही ते ठरवायचा माझा आवडता मार्ग म्हणजे कल्चर प्लेटच्या एका वेलच्या सेल आरआयपीए ह्या लायसिस बफरमध्ये नेहमीसारख्या लाइज करायच्या आणि शेजारच्या वेलमध्ये सरळ उकळता लेमली सॅम्पल बफर (एसडीएस डिटर्जंटवाला) ओतून खरवडून ९५ डिग्रीला टाकायच्या. डीएनएमुळे शेंबडासारखं चिकट होतं, सोनिकेट करा किंवा बारीक सुईतून ओढा. उकळत्यावाल्यात खालचा बँड नसेल आणि आरआयपीएवाल्यात असेल तर तो तुम्ही लाइज करताना तयार केलाय. दोन्हीत असेल तर सेलमध्येच आहे, मग तो आयसोफॉर्म असेल किंवा खरं क्लीव्हेज (सेलनेच प्रोटीन कापणं). टिश्यूसाठी हेच द्रव नायट्रोजनमध्ये कुटलेल्या पावडरवर करता येतं.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. सॅम्पल बफर मिसळला की प्रोटिएज मेलं असं आपण गृहीत धरतो, ते तसं नाही. एसडीएसने तुमचं प्रोटीन उलगडतं आणि काही प्रोटिएज मात्र थोडा वेळ टिकून असतात, म्हणजे त्यांना ताट वाढून दिल्यासारखं होतं. मिसळून ट्यूब रॅकवर ठेवून चहाला गेलात आणि आल्यावर उकळलंत तर खालचे बँड तिथेच झालेले असतात. मिसळलं की लगेच गरम. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत तर हे अजून महत्त्वाचं.

उकळणं पण अति नको. लेमली बफरचं पीएच ६.८ आहे, आणि खूप वेळ ९५-१०० ला ठेवलं तर ॲस्पार्टेट-प्रोलीनमधला बंध तुटू शकतो, मग ठरावीक मापाचे तुकडे मिळतात जे अगदी खऱ्या क्लीव्हेजसारखे दिसतात. पाच मिनिटं पुरेत, किंवा ७० ला दहा मिनिटं करून तुलना करा.

खरं क्लीव्हेज असलं तर त्याचे तुकडे बहुतेक पुस्तकात लिहिलेलेच असतात. पार्प ११६ वरून ८९ ला येतो, कॅस्पेस-३ चा ३२-३५ चा प्रोएन्झाइम १७-१९ ला. सेल मरत असतील तर हे दिसणारच. गंमत अशी की तरंगणाऱ्या मेलेल्या सेल गोळा केल्या की नाही ह्यावर हा बँड येतो-जातो, आणि एकाच लॅबमधले दोघं वेगवेगळं करत असतात, म्हणून "माझ्याकडे येतो, तिच्याकडे येत नाही".

वर असेल तर शक्यता जास्त आणि मजा पण जास्त. वजनाच्या बरोबर दुप्पट जागी असेल तर डायमर (दोन प्रोटीनं जोडलेली), आणि त्यात डायसल्फाइड असेल तर डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) जुनं झालंय. डीटीटी हवेत खराब होतं, फ्रीजमधला सहा महिन्यांपूर्वीचा सॅम्पल बफर ज्यात डीटीटी आधीच घातलंय तो टाकून द्या. ताजं १०० मिलिमोलर घालून तेच सॅम्पल परत लावा, दुप्पटचा बँड पातळ झाला की उत्तर मिळालं. जीपीसीआर किंवा ट्रान्सपोर्टरसारखी अनेक वेळा मेम्ब्रेन ओलांडणारी प्रोटीनं असतील तर उलटं, ती उकळल्याने गोळा होतात आणि वेलच्या तोंडाशी स्मिअर देतात. त्यांना ३७ डिग्रीला अर्धा तास ठेवा, उकळू नका. हा एक बदल केला आणि अख्खा ब्लॉट वेगळाच दिसला असं खूप जणांचं होतं.

पसरट, धुरकट बँड असेल आणि प्रोटीन पृष्ठभागावरचं किंवा सिक्रीटेड असेल तर ग्लायकोसिलेशन. पीडी-एल१ चं हिशेबाचं वजन ३३ च्या आसपास, पण ब्लॉटवर ४५ ते ५५ असा ढगच दिसतो. पीएनगेज-एफ लावा, एन-लिंक्ड साखर गेली की सगळे ढग एका खालच्या बँडवर गोळा होतात. जोडबँड अगदी जवळ जवळ असेल तर फॉस्फोरिलेशन, लॅम्डा फॉस्फटेज लावून बघा, फक्त त्या लायसेटमध्ये फॉस्फटेज इनहिबिटर आणि ईडीटीए नको (त्याला मँगेनीज लागतं, ईडीटीए ते पकडून ठेवतं, मग एन्झाइम चालत नाही आणि निष्कर्ष निघतो की फॉस्फोरिलेशन नाहीये). साधारण ८-९ च्या पायऱ्या असतील तर युबिक्विटिन (दुसऱ्या प्रोटीनना जोडलं जाणारं छोटं प्रोटीन), एक युबिक्विटिन ८.५ किलोडाल्टनचं. तेव्हा लाइज करताना एन-इथाइलमॅलिमाइड घालून बघा, ते डीयुबिक्विटिनेजना अडवतं, पायऱ्या गडद झाल्या तर संशय खरा.

आणि कधीकधी काहीच चुकलेलं नसतं. ईआरके म्हणजे ४४ आणि ४२ असे दोन बँड येणारच, लॅमिन ए/सी चे दोन, एसएचसीचे ४६, ५२, ६६ असे तीन. युनिप्रोटवर जाऊन आयसोफॉर्म मोजा आणि अँटीबॉडीचा एपिटोप त्यातल्या कुठल्या कुठल्यात आहे ते बघा, हे काम ब्लॉट लावायच्या आधीचं आहे. वजनाचा आकडा पण ढोबळच. पी५३ चं हिशेबाचं वजन ४३.७, धावतं ५३ ला. एलसी३-२ ला लिपिड जोडलेलं असतं, म्हणजे ते एलसी३-१ पेक्षा जड, तरी जेलवर त्याच्या खाली येतं. शिवाय रंगीत लॅडरच्या (वजन मोजायला शेजारी लावलेल्या, ठरलेल्या वजनांच्या) प्रोटीनना रंग चिकटवलेला असतो, त्यामुळे जेल आणि रनिंग बफर बदलला की त्यांची जागा सरकते, चार-पाच किलोडाल्टनच्या फरकावरून भांडू नका.

छोट्या पण त्रासदायक गोष्टी

स्ट्रिप करून (आधीची अँटीबॉडी धुऊन काढून) परत प्रोब केलेल्या मेम्ब्रेनवर जुना बँड राहतो. ३७ ला जीएपीडीएच, ४२ ला ॲक्टिन, ५०-५५ ला ट्युब्युलिन, ह्या जागी एक्स्ट्रा बँड दिसला तर आधी वहीत बघा ह्या मेम्ब्रेनवर काय काय लावलं होतं. स्ट्रिपिंग झालं की नुसतं सेकंडरी आणि ईसीएल लावून कोरं आहे ते बघायचं आणि मगच पुढची प्रायमरी. जमेल तिथे मेम्ब्रेन आडवं कापून दोन प्रोटीन वेगळ्या पट्ट्यांवर करा, स्ट्रिप करायची वेळच येऊ देऊ नका, पण कापायच्या आधी एकदा तरी अख्खं मेम्ब्रेन त्या अँटीबॉडीने बघितलेलं असावं.

लॅडरच्या शेजारच्या लेनमध्येच एक्स्ट्रा बँड आहे आणि बाकीच्यांत नाही? लॅडर सांडलंय. काही लॅडरमध्ये आयजीजी मुद्दाम चिकटवणारी प्रोटीनं असतात, ती केमिल्युमिनेसन्समध्ये चमकतात. मध्ये एक वेल नुसत्या सॅम्पल बफरची सोडा. आणि त्या नुसत्या बफरच्या वेलमध्ये पण ५५ ते ७० च्या दरम्यान धूसर रेघ असेल तर केराटिन, म्हणजे आपली कातडी, बफर नवीन करा आणि ग्लोव्ह्ज घाला.

बॅक्टेरियामध्ये प्रोटीन बनवणाऱ्यांना सशातल्या पॉलिक्लोनलने ई. कोलायचेच बँड दिसतात, कारण सशाच्या रक्तात ई. कोलायविरुद्ध अँटीबॉडी आधीच असतात. प्लास्मिड नसलेल्या ई. कोलायच्या लायसेटबरोबर सिरम आधी इन्क्युबेट करून घ्या, ते शोषले जातात. टॅग एन-टर्मिनलला असून खाली शिडी दिसत असेल तर प्रोटीन पूर्ण बनतच नाहीये किंवा शेपटीकडून कापलं जातंय, टॅग सी-टर्मिनलला नेऊन बघा.

एवढं करूनही एक्स्ट्रा बँड परका निघाला आणि जात नसेल, पण तुमच्या बँडपासून लांब असेल आणि नॉकआऊटमध्ये तुमचा बँड पूर्ण जात असेल, तर ती अँटीबॉडी वेस्टर्नला चालेल. अख्खा ब्लॉट सप्लिमेंटरीमध्ये द्या, परक्या बँडला फुली मारा आणि लिजेंडमध्ये नॉन-स्पेसिफिक लिहा. लपवायला पट्टी कापून लावू नका, आता बऱ्याच जर्नल मूळ न कापलेले फोटो मागतात. मात्र तीच अँटीबॉडी इम्युनोफ्लुरोसन्सला वापरायची नाही, तिथे वजन दिसत नाही, दोन्ही प्रोटीन एकाच रंगात चमकतील.

परका बँड तुमच्या बँडवरच बसत असेल तर अँटीबॉडी सोडा. कंपनीला लिहिताना लॉट नंबर, अख्ख्या ब्लॉटचा फोटो, सेकंडरी-ओन्ली पट्टी आणि नॉकडाउन एवढं जोडा, मग टेक्निकल सपोर्टवाले "ब्लॉकिंग वाढवून बघा" असं पहिलं ठरलेलं उत्तर देत नाहीत. पॉलिक्लोनलमध्ये लॉट बदलला की प्राणी बदललेला असू शकतो, त्यामुळे जुन्या लॉटचा एखादा अलिकॉट तुलनेला ठेवा. तक्रारीला मुदत असते, म्हणून व्हायल आल्या आठवड्यातच पॉझिटिव्ह कंट्रोल, निगेटिव्ह कंट्रोल आणि सेकंडरी-ओन्ली लावून एक ब्लॉट काढा आणि लॉट नंबरसकट वहीत चिकटवा.